पावसाला जागा ठरवून द्या: कोकणातल्या ध्वनिमुद्रणांतून अँबियंट अल्बम

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुलैत कोकणातल्या घरी हातात मावणाऱ्या रेकॉर्डरवर कौलांवरचा पाऊस, पागोळ्या, रात्रीचे बेडूक असं सहा-सात तास टिपलंय. त्याला घरातल्या तानपुऱ्याची आणि दोन-तीन सॉफ्टवेअर पॅडची (लांब चालणाऱ्या मृदू सिंथ-सुरांची) जोड देऊन चाळीस मिनिटांचा अँबियंट, म्हणजे वातावरणासारखा सावकाश पसरणारा, अल्बम काढायचा आहे. पण सगळं एकत्र वाजवलं की नुसती 'सूंऽऽ' उरते. लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजवलेला तुकडा, कुठे फिरतो ते लगेच कळतं. आणि चाचणी म्हणून स्ट्रीमिंगवर टाकलेला ट्रॅक इतरांच्या मानाने फार हळू, म्हणजे कमी आवाजात, वाजतो.

सुरुवात त्या 'सूं'पासून करू, कारण बाकीचं बरंचसं त्यातूनच निघतं. मुसळधार पाऊस हा कानाला पांढऱ्या गोंगाटाच्या अगदी जवळ जाणारा आवाज. काहीशे हर्ट्झपासून पार वर दहा-पंधरा हजारांपर्यंत तो कुठे फटच ठेवत नाही. तानपुऱ्याची जवारी (घोडीवर तार घासून येणारी झणकार), पॅडची हलचल, बेडकाच्या आवाजाची धार, सगळं त्याच पट्ट्यात. मग पॅड ऐकू येईना म्हणून पॅड वाढवायचा, पाऊस दबला म्हणून पाऊस वाढवायचा, असं चक्र सुरू होतं. पाऊस ही मागे लावायची चादर समजू नका. तो सगळी जागा खाणारा आवाज आहे आणि त्याची जागा रेकॉर्ड करतानाच ठरवावी लागते.

जागा ठरवायची म्हणजे 'पाऊस' रेकॉर्ड न करता पाऊस ज्यावर पडतो ती वस्तू रेकॉर्ड करायची. पत्र्यावर तो कडक आणि दाट वाजतो, कौलावर बोथट. केळीच्या पानावर एकेक थेंब सुटा ऐकू येतो. पाण्याने भरलेल्या घंगाळात थेंबाला चक्क सूर असतो. सगळ्यात उपयोगी पागोळ्या. सर ओसरल्यावरही त्या दहा-पंधरा मिनिटं गळत राहतात, मागचा गोंगाट तोवर विरलेला असतो, आणि प्रत्येक पागोळीची आपली लय असते. सर थांबली की रेकॉर्डर बंद करणं ही सर्रास होणारी चूक. खरं काम तिथून सुरू होतं.

माईक जिथे थेंब फुटतो तिथून ५० ते ७० सेंटिमीटरवर ठेवा. अंतर निम्मं केलं की जवळचा आवाज मागच्या पसरलेल्या पावसाच्या मानाने साधारण ६ डेसिबलने वर येतो. पडवीत दोन मीटरवरून घेण्याऐवजी अर्ध्या मीटरवरून घेतलात तर १२ डेसिबल पदरात पडतात, आणि हे काम नंतर कुठलंही प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचं साधन) करत नाही. माईकची पाठ भिंतीकडे असू द्या, म्हणजे एका बाजूचा पाऊस आपोआप अडतो.

आता 'सूं'पैकी पावसाची किती आणि यंत्राची किती, हे तपासा. रात्री रेकॉर्डर गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवा, गेन (माईकचा आवाज किती वाढवायचा ते प्रमाण) बाहेर ठेवला होता तेवढाच ठेवा आणि अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. ऐकू येणारी सरसर ही माईकची आणि त्याच्या आतल्या सर्किटची. बेडूक दूर असतील तर ती आडवी येणारच. यावर उपाय कमी स्वगोंगाटाच्या माईकचा. प्रिमो कंपनीची ईएम २७२ ही छोटी माईक-कॅप्सूल फक्त १४ डीबीए स्वगोंगाटाची आहे आणि रेकॉर्डरच्या माईक-इनमधून मिळणाऱ्या प्लग-इन पॉवरवर चालते. तिची एक जोडी साध्या रेकॉर्डरचं रूप पालटते. ३२-बिट फ्लोटचा रेकॉर्डर घेतला की सरसर जाईल असा समज आहे, तो खरा नाही. फ्लोटमुळे विजेच्या कडकडाटात आवाज फाटत नाही, एवढाच त्याचा फायदा. माईकचा स्वतःचा गोंगाट जसाच्या तसा राहतो.

आणि कृपा करून पावसावर नॉइज रिडक्शन लावू नका. त्या प्लगइनला गोंगाट म्हणून शिकवता तोच तुमचा विषय आहे. तो काढायला गेलं की पाण्याखाली चिवचिवाट चालल्यासारखे तुकडे उरतात, आणि एकदा ते ऐकू आले की कान दुसरं काही ऐकत नाही.

लेव्हल अशी ठेवा की नेहमीच्या पावसात सर्वात मोठा थेंब -१८ ते -१२ डेसिबलपर्यंत जाईल. ऑटो लेव्हल आणि आतला लिमिटर (ठरल्या मर्यादेवरचा आवाज दाबणारा) दोन्ही बंद. ऑटो लेव्हल चालू असेल तर एका गडगडाटानंतर पाऊस काही सेकंद दबतो आणि हळूहळू वर येतो. हा श्वास घेतल्यासारखा चढउतार नंतर दुरुस्त होत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट पुरे. आवाज मंद करून एक सप्तक खाली न्यायचा विचार असेल तेवढ्यापुरतं ९६ घ्या, कारण वेग निम्मा केला की वरची मर्यादाही निम्मी होते. ४८चं रेकॉर्डिंग मग १२ किलोहर्ट्झच्या वर रिकामं वाटतं.

कोकणातली दमट हवा हा वेगळाच विषय आहे. एसीच्या खोलीतून किंवा गाडीतून रेकॉर्डर थेट बाहेर काढला तर कॅप्सूलवर दव धरतं आणि चरचर सुरू होते. पिशवीतच अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, मग उघडा. रात्री सिलिका जेलच्या दोन पुड्यांसह हवाबंद डब्यात ठेवा. चरचर आलीच तर हेअर ड्रायर लावू नका, रात्रभर सिलिकातच सुकू द्या. उघड्यावर ठेवायचं असेल तर माईकच्या वर वीतभर अंतरावर पिंजलेल्या काथ्याचा जाड थर जाळीवर पसरून ठेवा. थेंब काथ्यात फुटतो आणि टपटप न होता खाली झिरपतो. प्लास्टिक किंवा छत्री धरलीत तर छत्रीचाच अल्बम होईल. वाऱ्यासाठीचं केसाळ आवरण भिजलं की वरचे आवाज खाऊन टाकतं. सुकं दुसरं जवळ ठेवा.

प्रत्येक टेक किमान वीस मिनिटांचा हवा. बटण दाबा, ठिकाण, तारीख, वेळ आणि पाऊस कशावर पडतोय ते दोन वाक्यांत बोला आणि तिथून निघून जा. माणसाची चाहूल लागली की बेडूक गप्प होतात, परत सूर धरायला त्यांना पाच-दहा मिनिटं लागतात. पाच-पाच मिनिटांचे वीस टेक घेतलेत तर हाती वीस वेळा बेडकांचं गप्प बसणं येतं.

लूपकडे वळू. लूप ओळखू येतो तो त्यातल्या एका ठळक घटनेमुळे. लांबचं कुत्रं, एखादा टपोरा थेंब, कावळ्याची एक काव. तिसऱ्यांदा तीच काव आली की खेळ संपला. अशा घटना लूपमधून कापून वेगळ्या ट्रॅकवर काढा आणि पूर्ण रचनेत एकदाच वापरा. उरलेला सपाट पाऊस तीन-चार मिनिटांचा असेल तर तो फिरवलेला कळत नाही. सांधा असा घ्या: तुकडा मधोमध कापा, उजवा अर्धा भाग डावीकडे आणा, डावा उजवीकडे न्या आणि मध्ये जिथे ते भेटतात तिथे आठ-दहा सेकंदांचा क्रॉसफेड (एक भाग विरताना दुसरा चढत जाणं) द्या. आता तुकड्याची दोन्ही टोकं मुळात सलग असलेल्या जागेची आहेत, त्यामुळे फिरताना सांधा उरतच नाही. मधला क्रॉसफेड पावसासाठी 'इक्वल पॉवर', म्हणजे एकूण ताकद कायम ठेवणारा, हवा. साध्या सरळ रेषेचा दिलात तर मध्यावर सुमारे ३ डेसिबलचा खड्डा पडतो. तानपुऱ्यासारख्या एकाच सुराच्या आवाजात, दोन्ही बाजूंच्या लहरी जुळवून घेतल्या असतील, तर उलट: तिथे सरळ रेषेचा क्रॉसफेड बरा, इक्वल पॉवरने मध्येच फुगवटा येतो.

लूपांच्या लांबीबद्दल थोडं सविस्तर, कारण अँबियंट संगीताचा पायाच त्यावर उभा आहे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८च्या 'म्युझिक फॉर एअरपोर्ट्स'मधल्या एका रचनेत गळ्याचे एकेक लांब सूर टेपच्या वेगवेगळ्या लूपवर फिरतात. ईनोंनी पुढे सांगितलेली त्यांतली तीन मापं अशी: साडेतेवीस सेकंद, २५ पूर्णांक सात-अष्टमांश आणि २९ पूर्णांक पंधरा-षोडशांश. ही विचित्र मापं का, ते हिशेब केला की कळतं. सेकंदाचे सोळा भाग धरले तर ती होतात ३७६, ४१४ आणि ४७९. यांचा लसावि काढा. तिन्ही लूप एकत्र सुरू केले तर पुन्हा एकत्र यायला सुमारे २७ दिवस लागतात. आता हीच मापं जवळच्या सम पूर्णांकांवर आणा, २४, २६ आणि ३० सेकंद. लसावि १५६० सेकंद, म्हणजे फक्त २६ मिनिटं. तुमच्या चाळीस मिनिटांच्या अल्बममध्येच सगळं पहिल्यापासून परत सुरू होईल. सॉफ्टवेअरमधली ग्रिड (वेळेच्या सारख्या रेघा) आणि स्नॅप (कापलेलं टोक त्या रेघांना चिकटवणं) नेमकं हेच करतात. म्हणून लूप कापताना स्नॅप बंद करा आणि माप कानाने ठरवा. सूर कुठे विरतो, पुढे किती शांतता हवी, त्यावर. लूपमध्ये आवाजापेक्षा शांतता जास्त असू द्या. तीन लूप सतत वाजत असतील तर त्यांच्या लांबीचा काही उपयोग होत नाही.

तानपुऱ्याची जुळणी हा मिश्रण गढूळ होण्यामागचा दुसरा मोठा भाग, आणि तो बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. तानपुरा कानाने मिळवलेला असतो, सॉफ्टवेअर पॅड ४४० हर्ट्झच्या मापावर, सप्तकाचे बारा सारखे भाग करणाऱ्या समान स्वरांतरात. षड्ज काळी एक धरला तर मधला सा सुमारे १३८.६ हर्ट्झ. तानपुरा त्यापासून १२ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकलेला असेल, आणि घरचा सहज असतो, तर पॅडच्या आणि त्याच्या सामध्ये जवळजवळ दर सेकंदाला एक हेलकावा येतो. चाळीस मिनिटं हे ऐकवत नाही. ट्यूनरने तानपुऱ्याचा सा मोजा आणि पॅड त्याच्याकडे सरकवा, तानपुरा पॅडकडे नको. संगणकात तानपुरा ताणला की जवारीची चमक मरते. जुळल्यावर मुद्दाम २-३ सेंटचा फरक ठेवा. मग हेलकावा चार ते सहा सेकंदांचा होतो, आणि तोच तर हवा असतो.

मग गंधार. खर्जाच्या तारेतून, ६९.३ हर्ट्झच्या पाचपटीवर, स्वयंभू गंधार निघतो: ३४६.५ हर्ट्झ. पॅडमधला शुद्ध गंधार ३४९.२वर असतो. फरक पावणेतीन हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला जवळजवळ तीन हेलकावे, आणि तेही जवारी चांगली लागली असेल तेव्हाच सर्वात ठळक. 'मेजर कॉर्ड लावली की तानपुरा बेसूर वाटतो' ही तक्रार येते ती यामुळे. तानपुरा बेसूर नसतो. पॅडमधून गंधार काढून टाका, फक्त सा-प ठेवा आणि गंधार तानपुऱ्याला म्हणू द्या. किंवा पॅडचा गंधार १४ सेंटने उतरवा.

तानपुरा रेकॉर्ड करताना माईक घोडीच्या समोर ३० ते ४० सेंटिमीटरवर, किंचित वर. भोपळ्याच्या अगदी जवळ नेलात तर खर्ज ढबढबतो. पंखा, फ्रिज, इन्व्हर्टर बंद. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण आणि तिची १०० हर्ट्झची पट खर्जाच्या अंगाला येऊन चिकटतात. चांगला तानपुरा मिळवायचाच असेल तर मिरज आहेच. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आधी दोरा नीट सरकवून जवारी उघडून घ्या, मगच रेकॉर्डिंगला बसा. ईक्यूने (आवाजाचे पट्टे कमी-जास्त करण्याने) जवारी निर्माण होत नाही.

मिश्रण करताना भर घालण्याआधी काढून बघा. पावसाच्या ट्रॅकवर २५० हर्ट्झखाली कट, १ ते ३ किलोहर्ट्झमध्ये ३-४ डेसिबलचा रुंद, उथळ खड्डा, ९ हजारांच्या वर हळूवार उतार. त्या खड्ड्यात जवारी बसते. पावसावर रिव्हर्ब (घुमारा) देऊ नका. गोंगाटाला शेपूट लावली की अजून गोंगाट होतो. रिव्हर्ब पॅडला आणि सुट्या थेंबांना. व्हॅलहाला कंपनीचं सुपरमॅसिव्ह हे रिव्हर्बचं प्लगइन फुकट आहे आणि या कामाला उत्तम. डिके (घुमारा विरायला लागणारा वेळ) ८ ते १४ सेकंद, प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) ८०-१०० मिलिसेकंद, रिव्हर्बमध्ये जाण्याआधी २०० हर्ट्झखालचं काढलेलं. जेवढा डिके, निदान तेवढा वेळ तरी सूर बदलू नये. डिके १२ सेकंदांचा आणि स्वर दर पाच सेकंदांनी बदलतोय, तर तीन स्वरांचा लगदा होतो. अमेरिकी संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरोस आणि साथीदारांनी १९८८ साली अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, फोर्ट वॉर्डनच्या जमिनीखालच्या रिकाम्या टाकीत वाजवलं. तिथला घुमारा ४५ सेकंदांचा होता. अशा जागेत वाजवणाऱ्याला थांबावंच लागतं. ते थांबणं सॉफ्टवेअरच्या रिव्हर्बमध्येही स्वतःहून पाळायचं असतं.

ऐकण्याच्या यादीत एक भर घालावीशी वाटते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या मदतीने मूग सिंथेसायझरचा स्टुडिओ उभा राहिला होता. १९६९ ते १९७२मधल्या तिथल्या टेप २०२३ साली संकलन म्हणून बाहेर आल्या. त्यात गीता साराभाई आहेत, आय. एस. माथुर, अतुल देसाई आहेत. ते यंत्र एका वेळी एकच सूर काढायचं, थर हवा असेल तर टेपवरच चढवावा लागायचा. आज ऐंशी ट्रॅक उघडे ठेवून बसणाऱ्याने हे जरूर ऐकावं.

मिश्रण नेहमी हळू आवाजात तपासा, आणि एकदा पंखा चालू ठेवून. आपल्याकडे हे संगीत पंख्याखालीच ऐकलं जातं, आणि पंख्याचा आवाज पावसाच्याच पट्ट्यातला. पंख्याखाली पाऊस नाहीसा होऊन फक्त तानपुरा उरत असेल तरी काही बिघडत नाही. उलट झालं तर पाऊस अजून खाली आणा. आणि चाळीस मिनिटांत निदान एक लांब टप्पा पावसाशिवाय ठेवा. परत आला की तो नव्याने ऐकू येतो.

हळू वाजण्याची तक्रार बहुतेक वेळा एका गडगडाटामुळे असते. स्पॉटिफाय -१४ लफ्सचं (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं एकक) माप धरतं. हळू ट्रॅक ते वर उचलतं खरं, पण शिखर -१ डेसिबलला टेकेपर्यंतच. तुमचा ट्रॅक -२२ लफ्सवर आहे आणि एका विजेचं शिखर -१वर, तर उचलायला जागाच नाही, तो -२२वरच राहतो. तीच वीज हाताने, व्हॉल्यूमची रेघ ओढून, ६ डेसिबल खाली आणा, म्हणजे अख्खा ट्रॅक ५-६ डेसिबल वर येऊ शकतो. इथे लिमिटर नको. वीज दाबताना तो मागचा पाऊसही दाबतो आणि सोडताना पाऊस फुगतो. -१४ गाठायचा हट्ट धरू नका. या प्रकाराला -१८ ते -२२ अगदी योग्य आहे. अल्बम सलग वाजवला तर स्पॉटिफाय सगळ्या ट्रॅकना एकच माप लावतं, त्यामुळे हळू ट्रॅक हळूच राहतो, तेही चांगलंच.

प्रकाशन करताना बँडकँपला (संगीतकार थेट श्रोत्यांना विकतात ते संकेतस्थळ) प्राधान्य द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे श्रोता पूर्ण अल्बम घेतो आणि मूळ दर्जाची फाइल मिळते. त्यांचा वाटा डिजिटल विक्रीवर १५ टक्के. नव्या खात्याला एका ट्रॅकसाठी २९१ एमबीची मर्यादा असते. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटचं स्टिरिओ वेव्ह मिनिटाला १७ एमबीच्या वर जातं, म्हणून वीस मिनिटांचा ट्रॅक बसत नाही. एफएलएसी (दर्जा न गमावता आकसलेली फाइल) करून चढवा. दाट पाऊस मात्र एफएलएसीतही फारसा आकसत नाही, तेव्हा पंधरा मिनिटांच्या आत राहिलेलं सोयीचं.

स्ट्रीमिंगवर एक धोका आहे. स्पॉटिफायने २०२४पासून पाऊस, पांढरा गोंगाट अशा निव्वळ आवाजांचा वेगळा वर्ग केला. तिथे ट्रॅक किमान दोन मिनिटांचा लागतो आणि मोबदला संगीताहून कमी. शिवाय आधीच्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम झाल्याशिवाय कुठल्याच ट्रॅकला पैसे नाहीत. तुमचं काम संगीत आहे. वितरकाच्या (स्ट्रीमिंग सेवांवर ट्रॅक पोहोचवणाऱ्या कंपनीच्या) फॉर्मवर प्रकार 'अँबियंट' लिहा, शीर्षकात झोप, ध्यान, पाऊस-आवाज असले शब्द टाळा आणि सुरुवातीचा अर्धा मिनिट नुसत्या पावसाचा ठेवू नका. स्पॉटिफायच्या संपादकांच्या प्लेलिस्टसाठी निवेदन प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी जायला हवं, म्हणून फाइल वितरकाकडे चार आठवडे आधी द्या.

विनाइल मनात असेल तर एका बाजूला वीस मिनिटं हीच मर्यादा धरा आणि १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो करा. पण हळू पागोळ्यांच्या मध्ये तबकडीची चरचर येते, या अल्बमला ती शोभणार नाही. कॅसेट जास्त जुळते. सी-४०च्या दोन बाजू म्हणजे नेमकी तुमची चाळीस मिनिटं.

शेवटी श्रेयनामावली. इथे टेकच्या सुरुवातीला बोललेली ती दोन वाक्यं कामी येतात. ट्रॅकखाली नुसतं 'कोकणातला पाऊस' लिहू नका. असं लिहा: मागच्या पडवीतली पागोळी, चिऱ्यावर, सर ओसरल्यानंतर, पहाटे ४.१०, माईक ६० सेंटिमीटरवर.